प्राग्भक्त तिक्त फांट आणि काडेचिराईताची पारख

तिक्त रस स्वतः अरुचिकर असूनही अरोचकघ्न आहे, हे चरकाचार्यांचे निरीक्षण भोजनापूर्वी दिलेल्या काडेचिराईताच्या फांटात नित्य प्रत्ययास येते. शार्ङ्गधरांनी फांटास द्रव्याच्या चौपट उष्ण जल सांगितले आहे. परंतु इतके कडू आजचा रुग्ण दुसऱ्या दिवशी घेत नाही. मी १ ग्रॅम भरड कपभर उकळत्या पाण्यात १० मिनिटे झाकून ठेवून, गाळून, जेवणाआधी पाव तास देतो. साखर वा गूळ घालू देत नाही; जिभेला कडू लागलेच पाहिजे.

खरी अडचण दुकानात आहे. चिराईत मागितले की पुष्कळदा ओले किराईत, म्हणजे कालमेघ, हाती येते. तेही तिक्तच, पण कुळ निराळे. काडेचिराईताची काडी तपकिरी-जांभळट, बुडाशी गोल, आत पिवळसर भेंड. कालमेघाची हिरवट व चौकोनी. औषधी विक्रेत्यांनी अखंड काड्याच घ्याव्यात. भुकटीत ही परीक्षा होत नाही, आणि भुकटीच स्वस्त मिळते!

कृश, रूक्ष, वातप्रधान रुग्णास हा फांट आठवडाभराहून अधिक देऊ नये. गर्भिणीस मुळीच नको. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांची रक्तशर्करा तपासत राहावी.