शब्द शिकता शिकता टोळीत

अँथनी बर्जेसची 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (१९६२) वाचली आणि दोन दिवस डोकं ठिकाणावर नव्हतं. ॲलेक्स, वय वर्षं १५. मारझोड, बलात्कार, खून, आणि वर बीथोव्हेनचा भक्त! सगळं तोच सांगतो, तेही मजेत.

पण मला जास्त हादरवलं ते त्याच्या भाषेनं. बर्जेसने मुख्यतः रशियन शब्द मोडूनतोडून या पोरांची बोली बनवली. 'ड्रूग' म्हणजे दोस्त, 'मोलोको' म्हणजे दूध. सुरुवातीला निम्मं कळत नाही, त्यामुळे मारहाणही धूसर दिसते. मागे शब्दार्थांची यादी असावी असं वाटतं. बर्जेसला मात्र ती नको होती. वाचकाने वाचता वाचता शिकावं, हाच त्याचा डाव. आणि खरंच, काही प्रकरणांनंतर शब्द आपोआप कळतात, ॲलेक्सच्या विनोदांवर हसू येतं. मार खाणारा म्हातारा तोपर्यंत विसरलेला असतो. म्हणजे आपणही टोळीत दाखल!

कादंबरी घाण आहे म्हणून बाजूला ठेवणं सोपं आहे. पण मित्रांनो, होस्टेलमध्ये रॅगिंगला 'इंट्रो' म्हटलं जातं आणि आपण हसतो, तेव्हा दुसरं काय होतं?