लोअर परळ ते खासबाग: दोघांची कुस्तीयात्रा

कुस्तीचं वेड असलेल्या जोडप्यांनी गाडीने कोल्हापूर गाठावंच! आम्ही दोघं पहाटे लोअर परळहून निघतो, शिवडीला अटल सेतूवर चढतो. २१.८ किलोमीटरचा हा पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. दुचाकीला मात्र इथे परवानगी नाही.

पुढे साताऱ्यात कंदी पेढे घ्या. खवा खरपूस भाजलेला असतो, म्हणून गोडी बेताची.

खरा थांबा कराडजवळचं गोळेश्वर. मल्ल खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्रवासखर्चासाठी त्यांच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर ७,००० रुपयांना गहाण ठेवलं होतं. असा गुरू लाभायला भाग्य लागतं. ऑलिंपिक पदक जिंकूनही खाशाबांना पद्म पुरस्कार मिळाला नाही, हे मनाला लागतं. (अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.)

कोल्हापुरात सकाळी गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत जा. आधी विचारा, चपला बाहेर काढा. कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, लिंबू, हळद मुरवलेली असते. मुठीत घेतली तर मऊ, थंड लागते. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ चं. हौदा मधोमध उंचावर, सभोवती उतरती बैठक, त्यामुळे मागच्यालाही पकड स्पष्ट दिसते.

मिसळ इथे पावाच्या स्लाइसबरोबर खातात. जेवणाला तांबडा-पांढरा रस्सा घ्या; पांढरा गरम असतानाच प्या.