मडक्याचा पत्ता

इ.स. १७६९ च्या जून महिन्यात इंग्लंडमधल्या जोसाया वेजवुड या नामांकित कुंभाराने आपला नवा कारखाना सुरू केला. पहिल्या दिवशी त्याने स्वतः चाकावर सहा कलश घडवले. चाक फिरवायला त्याचा भागीदार बेंटली होता. कलशांवर लॅटिनमध्ये मजकूर घातला, त्याचा अर्थ असा की एट्रुरियाच्या कला पुन्हा जन्म घेत आहेत. कारखान्याचे नावही एट्रुरियाच ठेवले होते. वेजवुडपुढे नमुना होता तो इटलीतल्या प्राचीन थडग्यांतून निघणाऱ्या काळ्या-तांबड्या चित्रमय भांड्यांचा. ही भांडी रोमपूर्व काळातल्या एट्रुस्कन लोकांनी केली, असे तेव्हा बहुतेक सगळे जाणकार मानत.

गंमत अशी, की ती भांडी एट्रुस्कन नव्हतीच. ती ग्रीक होती.

ही चूक झाली कशी? जी वस्तू जिथे सापडली, तिथल्याच लोकांनी ती घडवली असणार, असे आपण सहज गृहीत धरतो. या गृहीतकाची परीक्षा झाली ती १८२८ नंतर. मध्य इटलीत वुल्ची नावाच्या जागी नांगरट चालू असताना बैलाच्या पायाखालची जमीन खचली आणि खाली थडगे निघाले. आसपासची बरीच जमीन नेपोलियनचा भाऊ ल्यूसियन बोनापार्ट याच्या मालकीची होती. त्याने खोदकाम लावले आणि थोड्याच काळात चित्रांकित भांड्यांची रास लागली. एडुआर्ड गेरहार्ड या जर्मन विद्वानाने या भांड्यांची पद्धतशीर छाननी करून १८३१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. भांड्यांवर रंगवलेली अक्षरे ग्रीक होती, नावे ग्रीक होती, ‘अमक्याने घडवले’ अशा कुंभारांच्या सह्याही ग्रीकमध्ये होत्या. यातली पुष्कळ भांडी अथेन्समध्ये तयार होऊन जहाजाने इटलीत आली होती.

आज जगातल्या संग्रहालयांत अथेन्सची जी अखंड भांडी दिसतात, त्यांतली कितीतरी एट्रुस्कन थडग्यांतून आलेली आहेत. वस्तीत वापरलेले भांडे फुटते आणि त्याची खापरे उकिरड्यावर जातात. दगडात कोरलेल्या बंद खोलीत ठेवलेले भांडे मात्र अडीच हजार वर्षे टिकू शकते.

हे एट्रुस्कन लोक इटलीच्या पश्चिम भागात, आर्नो आणि टायबर या नद्यांच्या दरम्यान राहत. इ.स.पू. नवव्या शतकापासून त्यांच्या संस्कृतीचा माग लागतो. पुढे रोमने त्यांची शहरे एकेक करून गिळली. त्यांनी ग्रीकांकडून घेतलेली लिपी आपल्याला वाचता येते, पण भाषा अर्धीमुर्धीच कळते, कारण ती लॅटिन किंवा ग्रीकच्या कुळातली नाही. त्यांचे साहित्य जवळजवळ सगळे नष्ट झाले. दहा हजारांहून अधिक लेख हाती आहेत, पण बहुतेक चार-दोन शब्दांचे आणि त्यांतले बरेच थडग्यांशी संबंधित. घरे लाकडाची आणि मातीची, ती गेली. थडगी ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडात कोरलेली, ती राहिली. म्हणून या लोकांच्या जगण्याविषयी विचारायचे, तर आपल्याला त्यांच्या थडग्यांकडेच जावे लागते.

एक कान मोडलेला कलश

सर्वांत जुन्या टप्प्याला विलानोवा संस्कृती म्हणतात. बोलोन्या शहराजवळच्या विलानोवा या ठिकाणी १८५३ मध्ये जोव्हान्नी गोत्सादिनी याने पहिले उत्खनन केले, त्यावरून हे नाव पडले. हे लोक मृताचे दहन करत, अस्थी एका कलशात भरत आणि तो कलश विहिरीसारख्या अरुंद खड्ड्यात ठेवत. कलशाचा आकार ठरलेला असे: दोन शंकू बुडाशी बूड लावून जोडावेत तसा, पण मध्ये फुगीर. त्यावर झाकण म्हणून वाडगा पालथा घालत. काही कलशांवर वाडग्याऐवजी शिरस्त्राण असते, कधी काशाचे, कधी मातीचेच. काही अस्थिकलश तर चक्क झोपडीच्या आकाराचे आहेत, दार आणि छपरासकट. प्रत्यक्ष झोपड्यांचे आज खांबांचे खळगे तेवढे उरले आहेत; त्यांचे छप्पर कसे होते ते या छोट्या मातीच्या झोपड्यांवरून कळते.

या कलशांना सहसा एकच कान असतो. घडवताना दोन केले असतील, तर एक मुद्दाम मोडलेला आढळतो. असे का केले असेल? वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. मुले पटकन उत्तर देतात, कारण आपल्याकडेही अंत्यविधीत मडके फोडतात. दोन्हींचा परस्परांशी काही संबंध नाही आणि तसा जोडूही नये. पण हे भांडे आता जिवंत माणसांच्या उपयोगाचे राहिले नाही, असे सांगण्याची ती एक रीत असावी, हा तर्क पटण्यासारखा आहे. त्याला नंतरच्या काळातला एक पुरावा बळ देतो. इ.स.पू. चौथ्या शतकापासून पुढच्या काही थडग्यांत, विशेषतः ओर्व्हिएतो आणि बोल्सेना परिसरात, धातूच्या भांड्यांवर ‘सुथिना’ हा शब्द कोरलेला सापडतो. त्याचा अर्थ ‘थडग्यासाठी’. आधी कान मोडून जे सांगत, तेच पुढे अक्षरांनी सांगू लागले, असे आम्हाला वाटते.

आतपर्यंत काळे

इ.स.पू. सातव्या शतकात एट्रुस्कन शहरे श्रीमंत झाली. खनिज लोखंड आणि तांब्याच्या व्यापाराने पूर्वेकडच्या वस्तू येऊ लागल्या. आता अनेक ठिकाणी दहनाऐवजी दफन होऊ लागले आणि खड्ड्यांच्या जागी खोल्या आल्या. याच काळात, साधारण इ.स.पू. ६७५ च्या सुमारास, आजच्या चेरवेतेरी येथे एक नवे भांडे जन्मले. त्याला बुक्केरो म्हणतात. हे मात्र अस्सल एट्रुस्कन. काळेभोर, चकचकीत आणि सुरुवातीच्या काळात इतके पातळ, की धातूच्या पत्र्याचे वाटावे. धातूच्या भांड्यांची नक्कल करण्याचाच तो प्रयत्न होता.

बुक्केरोचा काळा रंग वरून लावलेला नाही; भांडे फुटले तर आतही काळेच दिसते. मातीत लोह असते. भट्टीत भरपूर हवा असेल तर त्याचे फेरिक ऑक्साइड होते आणि भांडे तांबडे भाजले जाते. पण भट्टीची तोंडे बंद करून आत धुराचा कोंडमारा केला, तर ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हा वायू तांबड्या ऑक्साइडमधला काही ऑक्सिजन ओढून घेतो. लोहाची जी ऑक्साइडे उरतात, ती काळी असतात. रसायनशास्त्रात आपण ज्याला क्षपण म्हणतो, ते हेच. भांडे थंड होईपर्यंत भट्टी उघडायची नाही, हे कुंभाराला कळले पाहिजे; मध्येच हवा शिरली तर पुन्हा तांबडे डाग पडतात. चकाकी येते ती भाजण्याआधी पृष्ठभाग घोटल्याने.

फुटक्या माठाचे खापर मुलांच्या हातात द्यावे. कित्येकदा बाहेरून तांबडे आणि मधल्या थरात करडे-काळे दिसते, कारण आतपर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोहोचला नाही. विदर्भात माहुरझरी आणि नायकुंड येथल्या महापाषाणकालीन दफनांत काळी-तांबडी भांडी मिळाली आहेत. एकाच भांड्यावर हवा कुठे लागली आणि कुठे नाही, याचाच तो खेळ आहे. माणसे वेगळी, देश वेगळा, रसायन तेच.

बुक्केरोचे पेले दक्षिण फ्रान्स, कार्थेज आणि ग्रीसपर्यंत पोहोचले. याहून मजेदार गोष्ट अथेन्सच्या निकोस्थेनिस या कुंभाराची. इ.स.पू. सहाव्या शतकात त्याने रुंद पट्टीसारखे कान असलेला एक कलश बाजारात आणला. आकार बुक्केरोवरून उचललेला, चित्रे अथेन्सच्या पद्धतीची. जिथे मूळ ठिकाण ठाऊक आहे, तिथे हे कलश जवळजवळ सगळे चेरवेतेरीच्याच थडग्यांतले निघतात. म्हणजे दूरच्या गिऱ्हाइकाची आवड ओळखून त्याने माल घडवला होता! पण हे आपल्याला कळले, ते कलश कुठून निघाले याची नोंद राहिली म्हणून. नुसत्या कलशाकडे पाहून ते कळले नसते.

मृतांचे नगर

चेरवेतेरीची बांदिताच्चा ही दफनभूमी एखाद्या गावासारखी आहे. रस्ते आहेत, चौक आहेत, मातीची मोठमोठी गोल टेकाडे आहेत आणि आत दगडात कोरलेल्या खोल्या. छताला तुळया कोरल्या आहेत, बाजूला पलंग आणि त्यावर दगडी उशा. एका थडग्यात भिंती आणि खांबांवर चाकू, कुऱ्हाड, दोरीचे वेटोळे, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तू गिलाव्यात उठावाने घडवून रंगवल्या आहेत. तार्क्विनिया येथे भिंतींवर मेजवानीची चित्रे आहेत, त्यांत स्त्री-पुरुष एकत्र बसलेले दिसतात. ग्रीक लेखकांना हे फार खटके, कारण त्यांच्या मेजवानीत पत्नीला जागा नव्हती. या दोन्ही दफनभूमी २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

थडग्यातली भांडीही बहुधा मेजवानीचीच: मद्यात पाणी मिसळण्याचे मोठे पात्र, सुरया, पेले, थाळ्या. यावरून एट्रुस्कन लोक रोज मेजवान्या झोडत, असा निष्कर्ष पूर्वी काहींनी काढला. तो घाईचा आहे. थडगे हे घराचे छायाचित्र नव्हे. मागे राहिलेल्या माणसांनी निवडून, काही सांगण्यासाठी मांडलेल्या त्या वस्तू असतात.

मांडलेल्या, हा शब्द महत्त्वाचा. कोणता पेला कोणाच्या डोक्याशी, कोणती सुरई दाराजवळ, काय आधी ठेवले आणि काय नंतर, यावरूनच विधी कळतो. आणि नेमके हेच सर्वांत आधी नष्ट होते. जॉर्ज डेनिस या इंग्रज प्रवाशाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वुल्चीला पाहिलेला प्रसंग लिहून ठेवला आहे. थडग्यातून साधी, चित्रे नसलेली आणि काळ्या मातीची भांडी निघत होती. ती विकण्यासारखी नव्हती, म्हणून मजूर ती जमिनीवर आपटून पायाखाली चुरडत होते. एखादे आठवण म्हणून द्या, अशी त्याने विनवणी केली. तीही मान्य झाली नाही.

हे जुन्या काळातच घडले असेही नाही. १९७१ मध्ये चेरवेतेरीजवळ लुटारूंनी एक थडगे फोडले. त्यातले युफ्रोनिऑस या अथेन्सच्या चित्रकाराने रंगवलेले मोठे पात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ मध्ये दहा लाख डॉलरना घेतले. बराच वाद होऊन २००८ मध्ये ते इटलीला परत मिळाले आणि पुढे चेरवेतेरीच्या संग्रहालयात आले. पात्र घरी आले. पण ते खोलीत कुठे होते, शेजारी काय होते, ज्याच्यासाठी ठेवले तो किंवा ती कोण, हे त्याच्याबरोबर आले नाही.

लुटारूंच्या आधी पोहोचण्यासाठी कार्लो लेरिची या इटालियन अभियंत्याने १९५० च्या दशकात भूभौतिकीची साधने वापरली. जमिनीचा विद्युत्‌रोध मोजून पोकळी कुठे आहे ते शोधायचे, छताला बारीक भोक पाडायचे आणि दिवा व कॅमेरा लावलेला पेरिस्कोप आत सोडायचा. तार्क्विनियाचे ऑलिम्पिक खेळांच्या चित्रांचे थडगे १९५८ मध्ये असेच सापडले. मात्र असे पाहिलेल्या थडग्यांपैकी बरीचशी कोणीतरी आधीच रिकामी केलेली निघाली.

थडगे अखंड मिळाले म्हणजे वाचन बिनचूक होते, असेही नाही. २०१३ मध्ये तार्क्विनियाला न फोडलेले एक थडगे उघडले. एका ओट्यावर सांगाडा होता आणि त्याच्याजवळ भाला. दुसऱ्यावर जळालेल्या अस्थी. भालेवाला राजपुत्र आणि त्याची पत्नी, अशी बातमी जगभर पसरली. काही दिवसांत हाडांची तपासणी झाली. भाल्याजवळचा सांगाडा ३५ ते ४० वर्षांच्या स्त्रीचा होता आणि जळालेल्या अस्थी पुरुषाच्या. भाला मुळात दोघांच्या मध्ये ठेवलेला होता. तो तिथे आहे ही नोंद असल्यामुळेच चूक दुरुस्त करता आली.

हाडांतून आता डीएनएही मिळतो. एट्रुस्कन लोक आशिया मायनरमधून आले, असे हिरोडोटसने लिहिले होते. २०२१ मध्ये सुमारे दोन हजार वर्षांच्या काळातल्या ८२ व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे स्थलांतर दिसले नाही. हे लोक शेजारच्या लॅटिन लोकांसारखेच स्थानिक होते. विलानोवा कलशांतल्या जळक्या अस्थी मात्र या कामी फारशा येत नाहीत, दहनात डीएनए टिकत नाही.

२०२५ मध्ये रोमच्या वायव्येला सुमारे ७० किलोमीटरवर, सान जुलियानो येथे अमेरिकेच्या बेलर विद्यापीठाच्या चमूला इ.स.पू. सातव्या शतकातले एक बंद थडगे मिळाले. त्या परिसरात नोंदलेली थडगी ६०० हून अधिक आहेत, आणि या एका खोलीला मात्र कोणाचा हात लागला नव्हता. कोरीव दगडी पलंगांवर चार माणसे, भोवती शंभरावर वस्तू: मातीचे कलश, लोखंडी शस्त्रे, काशाचे दागिने. स्त्री-पुरुषांच्या दोन जोड्या असाव्यात, असा प्राथमिक अंदाज सांगितला गेला. या वेळी तो शस्त्रांवरून नव्हे, हाडांवरून पडताळायचा आहे.