गुरुजींची नक्कल जमली, पुढे काय?

दोस्तांनो, आपल्या साक्रीतल्या कुठल्याही शाळेचं गॅदरिंग आठवा. नाच झाले, गाणी झाली, की एखादा पोऱ्या माईकपुढे येतो आणि गुरुजींची नक्कल करतो. पहिल्या रांगेत बसलेले गुरुजीसुद्धा हसतात. (दुसऱ्या दिवशी वर्गात काय होतं, ते सांगायला नको!) टाळ्या पडतात. पण मग त्या पोऱ्याला प्रश्न पडतो, नक्कल तर जमली, आता पुढे काय?

‘झपाटलेला’तला तात्या विंचू तुम्हांला ठाऊक आहेच. बाहुल्यात शिरण्याआधीचा, हाडामांसाचा तात्या रंगवला होता दिलीप प्रभावळकरांनी. तो सिनेमा १९९३चा. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९९१च्या ‘चौकट राजा’त याच माणसाने नंदू केला होता. वयाने वाढलेला, पण मनाने लहान राहिलेला नंदू. त्याला पाहून लोक थिएटरात रडले. एक खुनशी गुंड, दुसरा निष्पाप जीव, आणि दोघांचा चेहरा एकच! खरं वाटतं का?

प्रभावळकरांचा जन्म १९४४चा, मुंबईचा. शिकले विज्ञान, नोकरी केली औषधांच्या कंपनीत. नोकरी सांभाळून नाटकं चालू. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात ते झाले चिंची चेटकीण. विनोदी नटाला याहून चांगली शाळा नसेल. मोठी माणसं कंटाळली तरी गप्प बसतात. पोरं मात्र लगेच चुळबूळ करायला लागतात, नाहीतर सरळ वेफर्सच्या पुड्या फोडतात!

मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ साली. त्यावर पुढे चिं. वि. जोशींच्या गोष्टींवरची मालिका आली आणि प्रभावळकर घरोघरचे चिमणराव झाले. बाळ कर्वे होते गुंड्याभाऊ. भित्रा, गोंधळलेला चिमणराव लोकांना इतका आवडला, की दुसरा एखादा नट जन्मभर तेच करत बसला असता. पैसेही मिळाले असते. यांनी तसं केलं नाही. दर वेळी नवा माणूस शोधला. ‘हसवा फसवी’ हे नाटक तर स्वतःच लिहिलं आणि त्यात एकट्याने सहा भूमिका केल्या. त्यातले थकलेले जुने नट कृष्णराव हेरंबकर पाहताना हसू येता येता गळा दाटून येतो.

माणसं ऐकायची ही सवय लेखणीतही उतरली. आकाशवाणीसाठी लिहिलेला खोडकर बोक्या सातबंडे पुढे पुस्तकांतून तुमच्यापर्यंत आला. ‘लोकसत्ता’तल्या ‘अनुदिनी’ सदरात त्यांनी एका घरातल्या माणसांच्या डायऱ्या लिहिल्या. घर एक, प्रसंगही तेच, पण आजोबांची भाषा वेगळी, नातवाची वेगळी. यावरूनच २००१ साली टीव्हीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. त्यातले आबा टिपरे कोण झाले, ते ओळखा पाहू!

२०२५ साली ‘दशावतार’ सिनेमा आला, तेव्हा प्रभावळकर ऐंशीच्या पुढे होते. तरी मुख्य भूमिका त्यांचीच.

आता साक्रीची गंमत पाहा. घरी अहिराणी, वर्गात पुस्तकी मराठी, सुरतच्या रस्त्यावर ट्रकवाल्यांची गुजराती-हिंदी, आणि बाजाराच्या दिवशी पिंपळनेरकडच्या आदिवासी भागातल्या बोली. एवढे आवाज तर फुकटच कानावर पडतात! मग आज रात्री जेवताना घरात जे काही होईल, ते आधी आजीच्या शब्दांत लिहा. मग तेच धाकट्या भावाच्या शब्दांत. आजी अहिराणीत बोलत असेल, तर अहिराणीतच लिहायचं बरं का! आणि कुणाचंही नाव न सांगता घरात वाचून दाखवा. बघू या, कोण कुणाला ओळखतं ते.