न्यूयॉर्कमधील राजा आणि शाळेच्या नियतकालिकाचा संपादक

चार्ली चॅप्लिन हे नाव उच्चारताच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे ती गोल टोपी, ढगळ विजार, वेताची काठी आणि फेंगडी चाल उभी राहते. ‘द गोल्ड रश’ किंवा ‘मॉडर्न टाइम्स’ हे त्याचे चित्रपट पुष्कळांनी पाहिलेले असतात. परंतु १९५७ साली लंडनमध्ये प्रथम दाखविला गेलेला त्याचा ‘अ किंग इन न्यूयॉर्क’ हा बोलपट मात्र फारसा कोणाच्या स्मरणात नाही. त्यातील एक प्रमुख पात्र दहा वर्षांचा शाळकरी मुलगा असून तो आपल्या शाळेच्या नियतकालिकाचा संपादक आहे. तेव्हा त्याची ओळख करून देण्यास या अंकाहून योग्य जागा ती कोणती?

हा विनोद समजावयाचा तर त्यामागील काळ समजला पाहिजे. दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिका व सोव्हिएत रशिया हे कालचे मित्र एकमेकांचे प्रतिस्पर्धी झाले. साम्यवादी हेर घराघरांत शिरले आहेत, या भयाने अमेरिकेला पछाडले. देशविघातक कारवायांच्या चौकशीसाठी तेथील प्रतिनिधिगृहाची एक समिती १९३८ पासून होतीच. तिने १९४७ साली हॉलिवूडकडे मोर्चा वळविला. प्रश्नांची उत्तरे देण्यास नकार देणाऱ्या दहा लेखक-दिग्दर्शकांना सभागृहाच्या अवमानाबद्दल तुरुंगात जावे लागले आणि अनेकांची नावे काळ्या यादीत जाऊन त्यांचे काम बंद झाले. पुढे १९५० पासून सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी सिनेटच्या बाजूने याच आगीत तेल ओतले. साक्षीदाराला केवळ ‘तुम्ही साम्यवादी आहात काय?’ असे विचारून समिती थांबत नसे. ‘तुमचे सोबती कोण, त्यांची नावे सांगा’ असा तिचा आग्रह असे. पुष्कळदा ती नावे तिला आधीच ठाऊक असत. म्हणजे हवी असे ती माहिती नव्हे, शरणागती!

या भयाची झळ खुद्द चॅप्लिनलाही लागली. जन्माने तो इंग्रज. अमेरिकेत चाळीस वर्षे राहूनही त्याने तेथील नागरिकत्व घेतले नव्हते आणि त्याची मते अनेकांना खुपत. सप्टेंबर १९५२ मध्ये तो सहकुटुंब जहाजाने इंग्लंडकडे निघाला असता, बोट समुद्रात असतानाच त्याचा पुनःप्रवेशाचा परवाना रद्द करण्यात आला. त्याने स्वित्झर्लंडमध्ये बिऱ्हाड थाटले आणि न्यूयॉर्कची ही कथा लंडनजवळच्या स्टुडिओत चित्रित केली.

कथा अशी : एस्ट्रोव्हिया नावाच्या काल्पनिक देशात क्रांती होते आणि राजा शाहडोव्ह न्यूयॉर्कला पळून येतो. विमानतळावर तो वार्ताहरांपुढे अमेरिकेच्या उदारतेचे गोडवे गात असतो आणि त्याच वेळी अधिकारी शाई लावून त्याच्या बोटांचे ठसे घेत असतात! एका शब्दाचीही टीका न करता चॅप्लिनने येथे सारे सांगून टाकले आहे. पुढे पंतप्रधान खजिन्यासह पोबारा करतो आणि निर्धन झालेल्या राजावर दूरचित्रवाणीवर मद्याची जाहिरात करण्याची पाळी येते. त्यातही पहिलाच घोट घेताना त्याला ठसका लागतो.

एका शाळेला भेट देताना राजाला रूपर्ट भेटतो. ही भूमिका चॅप्लिनचा मुलगा मायकल याने केली आहे. हा चिमुरडा संपादक मार्क्स वाचतो आणि राजाला तोंड उघडू न देता सत्ता, पारपत्रे आणि स्वातंत्र्य यांवर व्याख्यान झोडतो. रूपर्टचे आईबाप एकेकाळी साम्यवादी होते. समितीपुढे ते मित्रांची नावे सांगत नाहीत. शाळेतून पळालेल्या, थंडीने काकडणाऱ्या रूपर्टला राजा आपल्या हॉटेलात आसरा देतो आणि मग राजाच साम्यवादी असल्याचा संशय घेतला जातो! सिंहासन गमावलेला राजा क्रांतिकारक ठरावा, याहून मोठा विनोद तो कोणता? साक्षीला निघालेल्या राजाचे बोट आग विझविण्याच्या नळाच्या तोंडात अडकते. नळी गुंडाळून तो तसाच समितीपुढे जातो, कोणीतरी पाणी सोडतो आणि सन्माननीय सभासद नखशिखान्त भिजतात.

येथवर प्रेक्षक पोट धरून हसतो. मग मात्र हसू ओठांवरच थिजते. राजा निर्दोष ठरतो, पण आईबाप अडचणीत असतात. त्यांना वाचविण्यासाठी रूपर्ट अखेर त्यांच्या मित्रांची नावे सांगतो. निरोप घेण्यास आलेल्या राजापुढे मुख्याध्यापक त्याची खरा देशभक्त म्हणून वाखाणणी करतात आणि तो मघाचा वाचाळ मुलगा मान खाली घालून मुकाट्याने रडतो.

या चित्रपटात दोष नाहीत असे नव्हे. रूपर्टची भाषणे लांबतात, आणि लंडनमध्ये उभारलेले न्यूयॉर्क खरे वाटत नाही. परंतु तो अंतिम प्रसंग या साऱ्यावर मात करतो. अमेरिकेत हा चित्रपट १९७० नंतरच्या दशकात प्रदर्शित झाला. १९७२ मध्ये विशेष ऑस्कर स्वीकारण्यासाठी चॅप्लिन वीस वर्षांनी तेथे परतला तेव्हा सभागृहाने उभे राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजविल्या. ती समितीही १९७५ साली विसर्जित झाली.

आम्हा शिक्षकांना मात्र त्या मुख्याध्यापकांचे स्मरण अस्वस्थ करते. वर्गातील खिडकीची काच फुटली की आम्हीही ‘नावे सांगा’ म्हणून दरडावतो. काच फोडणे हे कृत्य आहे, त्याचा जाब विचारणे योग्यच. पण मित्राने काय वाचले आणि मनात काय आणले याची चुगली करावयास लावणे ही निराळी गोष्ट आहे. हे दोन प्रश्न आम्ही कधी एक मानू लागलो, तर विद्यार्थी मित्रहो, तुम्ही नम्रपणे आम्हांला रूपर्टची आठवण करून द्यावी.