बेवारस बोट काढायची, पण पैसा कोणी भरायचा?

जुना लूम मोडीत निघाला तरी भंगारवाला दारात येऊन पैसे मोजतो. लोखंडी जहाजालाही अलंगला गिऱ्हाईक असते. फायबरच्या बोटीचे मात्र उलटे आहे. भंगारात तिला किंमत नाही, आणि ती तोडून टाकायची तर मालकालाच पदरचे पैसे घालावे लागतात. त्यामुळे अमेरिकेच्या किनाऱ्यावर काही मालक जुनी बोट खाडीत नांगरतात, तिचा नंबर खरवडतात आणि निघून जातात. पुढे ती बुडते, तिचे डिझेल गळते.

वॉशिंग्टन राज्यातली एक घटना पाहा. (हे राजधानीचे शहर नव्हे. सिॲटल ज्या राज्यात आहे ते.) तेथे एकाने ‘डीप सी’ नावाची खेकडे धरणारी जुनी मोठी बोट अवघ्या अडीच हजार डॉलरला घेतली. मे २०१२ मध्ये पेन कोव्ह खाडीत ती आग लागून बुडाली. जवळच शिंपल्यांची मोठी शेती होती. तेल पसरल्यामुळे तेथला माल काढणे सरकारने काही आठवडे बंद ठेवले. कसूर एकाची आणि रोजी गेली दुसऱ्याची! बोट वर काढणे, तेल साफ करणे आणि सांगाडा तोडणे मिळून पन्नास लाख डॉलरच्या वर खर्च आला. अडीच हजारांचा सौदा करणाऱ्याकडून ही रक्कम वसूल व्हायची कशी?

यासाठी दोन थैल्या आहेत. पहिली केंद्र सरकारची. तेलाच्या दर पिंपावर कर बसवून हा फंड उभा केला आहे. कोलंबिया नदीत एका भंगार घेणाऱ्याने तेल न काढताच जुने जहाज कापायला घेतले. २०११ मध्ये त्याची सफाई झाली, तेव्हा दोन कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. मालकाला पुढे कैदही झाली. पण हा फंड तेलासाठी आहे. नुसता सांगाडा पडून असेल तर तो सहसा उपयोगी पडत नाही.

तेथे राज्याची थैली लागते. २००२ च्या कायद्याने बोटीच्या वार्षिक नोंदणी फीमध्ये दोन-तीन डॉलर जादा घेऊन ती सुरू झाली. बंदर किंवा नगरपालिका आधी बोटीवर नोटीस चिकटवते, मालकाला पाठवते, वर्तमानपत्रात छापते आणि मग बोट ताब्यात घेते. खर्चाचे नव्वद टक्के राज्य परत देते. मालक सापडला तर बिल त्याच्याच नावावर. एवढ्या पैशात भागेना म्हणून २०२२ मध्ये बोटींवरील कराचा चौथा हिस्साही या कामाला लावला.

इमानदार मालकाने पळपुट्याचा भार का उचलावा, ही तक्रार खोटी नाही. तरी ज्याने कधी बोट पाहिली नाही त्याच्या खिशात हात घालण्यापेक्षा हे बरे, असे मला वाटते. पंचेचाळीस फुटांखालची बोट गरीब मालक स्वतः आणून देऊ शकतो, अशीही योजना आहे. तरंगती बोट तोडणे बुडालेली काढण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

आम्ही कापडवाले पडून राहिलेला माल मिळेल त्या भावाला देऊन मोकळे होतो. तेथे २०१३ च्या कायद्यानंतर तसे चालत नाही. पासष्ट फुटांहून लांब आणि चाळीस वर्षांहून जुनी बोट विकण्याआधी तपासणी करून घ्यावी लागते. ती टाळली आणि पुढे बोट बेवारस झाली, तर विकणाऱ्याच्याही गळ्यात खर्च पडतो.