आत्ममग्न बालकांवरील हॉर्मोन चिकित्सा

आत्ममग्नता या अवस्थेचे वर्णन लीओ कॅनर या बालमानसोपचारतज्ञांनी १९४३ मध्ये अकरा बालकांच्या निरीक्षणावरून केले. नजरेस नजर न देणे, चेहऱ्यावरून व आवाजावरून दुसऱ्याच्या मनातील भाव सहज न उमगणे, या तीमधील नेहमीच्या अडचणी होत. त्यांवर हॉर्मोनांचा उपयोग होईल काय, याविषयी झालेल्या संशोधनापैकी दोन हॉर्मोनांवरील संशोधन विशेष उल्लेखनीय आहे.

सिक्रिटीन हे लहान आतड्यात तयार होणारे हॉर्मोन स्वादुपिंडास पाचक रस स्रवण्यास उद्युक्त करते. तपासणीसाठी ते टोचलेल्या तीन आत्ममग्न बालकांच्या वर्तनात सुधारणा दिसल्याचा वृत्तांत १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि पालकांची त्यास मोठी मागणी आली. १९९९ मध्ये ६० बालकांवरील चाचणीत काहींना सिक्रिटीन व काहींना केवळ लवणजल टोचण्यात आले; दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. निष्कर्ष समजल्यावरही ६९ टक्के पालकांचा या उपचारातील रस कायम होता. अन्य औषध हाती नसलेल्या पालकांच्या बाबतीत हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

ऑक्सिटोसिनामागील उपपत्ती अधिक भक्कम होती. नऊ ॲमिनो अम्लांचे हे हॉर्मोन अधोथॅलॅमसात तयार होते व पोष ग्रंथीच्या पश्च खंडातून रक्तात मिसळते. प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे आकुंचन व मातेस पान्हा फुटणे ही त्याची परिचित कार्ये. व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो यांनी १९५३ मध्ये त्याचे संश्लेषण केले. त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंढीसारख्या प्राण्यांत माता व पिल्लू यांच्यातील बंधाशीही त्याचा संबंध दिसून आल्याने संशोधक आत्ममग्नतेकडे वळले. येल विद्यापीठात २०१३ मध्ये १७ मुलांना नाकातून एकच फवारा देऊन डोळ्यांच्या छायाचित्रांवरून भाव ओळखण्यास सांगण्यात आले. त्या वेळी घेतलेल्या प्रतिमांत मेंदूच्या सामाजिक आकलनाशी संबंधित भागांची क्रियाशीलता वाढलेली दिसली. तथापि मेंदूची प्रतिमा म्हणजे दैनंदिन वर्तन नव्हे.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३ ते १७ वर्षे वयाच्या २९० मुलांचा समावेश होता. २४ आठवडे त्यांना नाकातून फवारा देण्यात आला. तो औषधाचा की औषधविरहित, हे पालकांस ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतील मुलांचा एकलकोंडेपणा जवळजवळ सारखाच कमी झाल्याचे पालकांनी नोंदविले. त्यामुळे ही सुधारणा हॉर्मोनाची मानता येत नाही. वाचाोपचार, विशेष शिक्षण व वर्तनोपचार यांवरच अद्याप भर दिला जातो.